घरच्या समुद्राचा परतीचा पंप

होसकोटे हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार या ठाण्यांबरोबर होसकोटेही होते. पुढे १७६८ च्या ऑगस्टात हैदर अलीने मुरारराव घोरपडे गुत्तीकरांच्या छावणीवर रात्री छापा घातला, तोही याच गावाजवळ. परंतु गावाचे खरे वैभव लढायांत नाही, तलावात आहे. सुगटूरच्या तम्मेगौडाने इ. स. १५९५ च्या सुमारास येथे नवा कोट, म्हणजेच कानडीत ‘होस कोटे’, बांधला व त्याबरोबर एक विस्तीर्ण तलावही निर्माण केला. त्याचा बांध सुमारे दोन मैल लांबीचा आहे. असा तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या अंगाला वाहते आणि पुढच्या तलावाला मिळते. ते आपण होऊन वर परतत नाही. परतीचे काम पावसाकडे सोपविलेले असते.

बंगळुराच्या पूर्वेला वाढत चाललेल्या या गावात आता बहुमजली घरे उभी राहत आहेत. त्यांतील एखाद्या घराच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत खारे पाणी, खडक, रंगीत मासे आणि जिवंत प्रवाळ असावेत अशी हौस कोणाला झाली, तर त्याला सांडव्याची आणि तलावाची हीच रचना छोट्या प्रमाणावर करावी लागते. फक्त येथे पाऊस नाही. पावसाचे काम एका लहानशा पंपाने करावयाचे असते, आणि ते दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. हा पंप कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानदाराने सोडवावयाचा वाटतो. पण ज्याची टाकी एका रात्रीत मेली किंवा ज्याच्या लाकडी फरशीवर पहाटे पन्नास लिटर खारे पाणी साचलेले दिसले, त्याला त्याचे मोल निराळे कळते.

बंगळुरी घरात राहणाऱ्याला रचना समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. तेथे प्रत्येक घराच्या अंगणाखाली पाण्याचा हौद असतो, त्याला सर्व भाषांचे लोक ‘संप’ म्हणतात. गच्चीवर टाकी असते. आणि दोहोंच्या मध्ये पंप असतो. प्रवाळांच्या टाकीचेही तसेच आहे. काचेच्या दर्शनी टाकीच्या एका बाजूला काठाशी सांडवा ठेवतात. त्यावरून पाणी नळीने खाली, कपाटात लपविलेल्या दुसऱ्या टाकीत उतरते. तिलाही संपच म्हणतात. पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाच्या रूपाने उपसणारे यंत्र, पाणी ऊबदार ठेवणारी कांडी, क्षारांचे डोस घालण्याची सोय अशा दिवाणखान्यात न शोभणाऱ्या साऱ्या वस्तू या संपात राहतात. त्याच्या शेवटच्या कप्प्यात परतीचा पंप असतो; तो स्वच्छ झालेले पाणी पुन्हा वर दर्शनी टाकीत पाठवितो. गच्चीच्या टाकीचा पंप दिवसातून दोन वेळा चालला म्हणजे झाले. हा पंप थांबला की टाकीचा श्वास कोंडू लागतो, एवढाच काय तो फरक; पण तो फार मोठा आहे.

ही युक्ती आजची नव्हे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली जे मत्स्यालय उघडले, त्याचा कर्ता विल्यम आल्फर्ड लॉइड याने दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवला आणि वाफेच्या यंत्राने समुद्राचे पाणी खाली-वर अखंड फिरते ठेवले. लंडनला समुद्र नव्हता, म्हणून त्याला तेच तेच पाणी वर्षानुवर्षे वापरावे लागत होते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडले गेले, ते समुद्राच्या अगदी काठावर. होसकोट्याची गोष्ट लंडनसारखी आहे, मुंबईसारखी नाही. समुद्र तेथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. पाणी पुष्कळदा विंधनविहिरीचे आणि जड. म्हणजे ते गाळणयंत्रातून पार निःक्षार करून घ्यावयाचे आणि मग त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तयार सागरी क्षार मिसळावयाचे. साडेचारशे लिटरांच्या व्यवस्थेला जवळ जवळ सोळा किलो क्षार लागतात. एवढ्या सायासाने केलेला समुद्र सहजासहजी फेकून देता येत नाही. तो फिरताच ठेवावा लागतो.

प्रवाळाला या फिरण्याची गरज का, हे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती उथळ पाण्यात जे प्रवाळ आहेत त्यांच्याकडे पाहिले की उमगते. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण तो खडकाला जखडलेला आहे. त्याला अन्नाकडे जाता येत नाही, प्राणवायू शोधता येत नाही, स्वतःच्या अंगावरचा चिकट स्राव झाडता येत नाही. हे सारे त्याच्यासाठी भरती-ओहोटी आणि लाटा करतात. टाकीत लाटांचे काम आतल्या आत पाणी ढवळणारे वेगळे प्रवाहपंप करतात. आणि ते परतीच्या पंपाकडून करवून घेऊ नये. पूर्वी परतीच्या पंपाने टाकीचे पाणी ताशी दहा-वीस वेळा फिरवावे असा उपदेश होत असे, कारण स्वस्त प्रवाहपंप तेव्हा मिळत नव्हते. आता दर्शनी टाकीच्या पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी ताशी संपातून फिरले तरी पुरते असे बहुतेक जाणकार मानतात. त्याहून जास्त फिरविल्याने संपातील यंत्रांना अधिक काम मिळत नाही. सांडव्याचा खळखळाट, पाण्यातले बारीक बुडबुडे आणि विजेचे बिल मात्र वाढते.

समजा, टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच आहे. मेट्रिक मापात १२० × ६० × ६० सेंटिमीटर. म्हणजे ४३२ लिटर. खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता चारशे लिटरांहून थोडे कमीच पाणी. त्याच्या चौपट, म्हणजे ताशी सोळाशे लिटरांच्या आसपास पाणी प्रत्यक्ष टाकीत पडले पाहिजे. येथे ‘प्रत्यक्ष’ या शब्दावर जोर आहे. कारण दुकानातील खोक्यावर जो आकडा छापलेला असतो तो प्रत्यक्षाचा नसतो.

ही गोष्ट मराठी शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंद्रोत्सारी पंप गावोगावच्या विहिरींवर गेले तेव्हापासून पंप घेणारा माणूस पहिला प्रश्न ‘हेड किती?’ असा विचारतो. पाणी किती फूट उचलावयाचे हे ठरल्याखेरीज पंप ठरत नाही. (याच घराण्याने विजेच्या मोटारींचा कारखाना १९४६ मध्ये बंगळुरातच काढला.) शहरातला हौशी माणूस मात्र नेमके हेच विसरतो. खोक्यावर ‘ताशी ३००० लिटर’ असे असते ते पंपाला काहीही उंची चढावयाची नसताना, पाण्याच्या बादलीतल्या बादलीत. त्याच्याच शेजारी ‘कमाल हेड ३ मीटर’ असे असते. तो तर ज्या उंचीवर एक थेंबही बाहेर पडत नाही तिचा आकडा. म्हणजे दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही निरुपयोगी. उपयोगाचे असते ते त्यांना जोडणारे वक्र, ज्यात प्रत्येक उंचीला किती पाणी मिळेल ते दाखविलेले असते. चांगले कारखानदार ते छापतात. जो छापत नाही त्याचा पंप घेण्याची घाई करू नये.

उदाहरणार्थ, दोन पंप दोन्ही ताशी ३००० लिटरांचेच आहेत. पण एकाचे कमाल हेड २ मीटर आणि दुसऱ्याचे ४ मीटर. दीड मीटर उंचीवर पहिला बहुधा साडेसातशे ते दीड हजार लिटर देईल, तर दुसरा सुमारे एकोणीसशे ते साडेतेवीसशे. खोक्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा दोघांचा एकच होता!

आता ही उंची मोजावयाची कशी? तळापासून नव्हे. पंप पाण्यात बुडालेला आहे, तेव्हा त्याच्या डोक्यावरचे पाणी त्याला मदतच करते. म्हणून संपातील पाण्याच्या पातळीपासून मोजावयाचे, आणि परतीची नळी जेथे सर्वांत उंच जाते तेथपर्यंत. टाकीखालचे कपाट ८० सेंटिमीटरांचे, टाकी ६० सेंटिमीटरांची, नळी काठावरून पाच सेंटिमीटर वर जाऊन आत वळलेली आणि संपातले पाणी जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरांवर असेल तर १२० सेंटिमीटर उंची होते. खाऱ्या पाण्याचे वजन गोड्याहून अडीच टक्के जास्त म्हणून काही जण येथे भर घालतात. ते अनावश्यक आहे. पाणी जड झाल्याने पंपाला शक्ती तेवढी जास्त लागते, पण तो चढवितो ती उंची तीच राहते. होसकोटे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरांवर आहे, त्याचाही या हिशेबाशी संबंध नाही. विहिरीच्या काठावर बसून पाणी ओढणाऱ्या पंपाला हवेच्या दाबाची गरज असते. बुडून पाणी ढकलणाऱ्याला ती नसते.

उंचीत नळीचे घर्षण मिळवावे लागते, आणि येथे पुष्कळ लोक पैसे वाचवावयास जाऊन फसतात. आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या दोन मीटर नळीतून ताशी सोळाशे लिटर पाणी जात असेल तर घर्षणात सुमारे ८ सेंटिमीटर उंची खर्च होते. चार काटकोनी एल्बो असले तर आणखी पंधरा-वीस सेंटिमीटर. एकूण हिशेब दीड मीटरांच्या आतबाहेर राहतो. तीच नळी १६ मिलिमीटरांची घेतली तर नुसत्या सरळ नळीत जवळ जवळ ७० सेंटिमीटर जातात आणि एल्बोंमध्ये आणखी सुमारे एक मीटर. म्हणजे पंपाला तीन मीटरांच्या घरात हेड वाटते. टाकी तेवढीच, कपाट तेवढेच, पाणी तेवढेच. पंप मात्र दुप्पट हवा! पंपाच्या तोंडाशी आटे बारीक आहेत म्हणून सारी नळी बारीक घेण्याचे कारण नाही. तोंडाशी लगेच मोठ्या नळीत उतरावे, आणि काटकोनी एल्बोच्या जागी दोन अर्धकोनी जोड घालता आले तर घालावेत.

पंपांच्या मुख्य जाती दोन. जुनी जात ए. सी. म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी. तिच्यातील फिरणारा भाग हा एक लोहचुंबकच असतो. विजेच्या ५० आवर्तनांबरोबर तो मिनिटाला तीन हजार फेरे घेतो, ना कमी ना जास्त. सुरू होताना तो डावीकडे फिरेल की उजवीकडे हे त्यालाच ठाऊक नसते, म्हणून त्याच्या इम्पेलरची पाती सरळ ठेवावी लागतात आणि त्यात कार्यक्षमता जाते. पण यंत्र इतके साधे की बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. नवी जात डी. सी. म्हणजे एकदिश प्रवाहाची. तिच्या मोटारीला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक एकाच दिशेने फिरवितो; त्यामुळे पाती वळणदार करता येतात, वेग कमीजास्त करता येतो, आवाज कमी होतो आणि त्याच कामाला वीज पुष्कळदा जवळ जवळ निम्मी लागते. ६० वॉटचा पंप वर्षभर अखंड चालला तर सव्वापाचशे युनिटे, ३० वॉटचा २६३. हा फरक लहान नाही. परंतु हा नियंत्रक म्हणजे कपाटाच्या खाऱ्या, दमट हवेत राहणारे एक नाजूक खोके. पंप धडधाकट असताना ते मरते, आणि मग पंपही निरुपयोगी. ते कपाटाबाहेर, उंचावर बसवावे.

परदेशातून येणाऱ्या ए. सी. पंपाच्या बाबतीत आणखी एक पाहावे. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची आहे. तेथील आकडे तसेच खोक्यावर असतील तर आपल्या ५० आवर्तनांवर असा पंप पाचषष्ठांश वेगाने फिरेल. पाणी त्या प्रमाणात घटेल, आणि हेड तर दहा हिश्शांतून सातच उरेल.

ए. सी. पंप गरजेपेक्षा मोठा झाला तर त्याच्या बाहेर पडणाऱ्या बाजूला तोटी घालून प्रवाह आवळावा. आत ओढणाऱ्या बाजूला कधीही आवळू नये. डी. सी. पंप थोडा मोठा घेऊन त्याला साठ-सत्तर टक्के वेगावर चालविणे शहाणपणाचे आहे: आवाज कमी, आणि नळीत क्षार साचून पाणी घटले तर वेग वाढविण्यास वाव राहतो. पण मोठा पंप घेताना सांडव्याची नळी तेवढे पाणी उतरवू शकते की नाही हे आधी पाहिले पाहिजे. वर चढविणे पंपाच्या हातात आहे. उतरणे गुरुत्वाकर्षणाच्या हातात, आणि ते कोणाची भीड धरीत नाही.

घरच्या संपावरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप किंवा कूलरचा पन्नासएक लिटर मिनिटाला फेकणारा स्वस्त पंप येथे का चालू नये, असे विचारले जाते. पहिल्यात बीड आणि पितळ. दुसऱ्यांतील पुष्कळांत पोलादी आस. खारे पाणी लोखंड खाते, आणि पितळेतून उतरणारे तांबे तर प्रवाळ, झिंगे, शंखवर्गीय प्राणी यांना सूक्ष्म प्रमाणातही विषच आहे. प्रवाळांच्या पंपाला धातू पाण्याला लागू न देणारे शरीर आणि चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची आस हवी. जुन्या जलतज्ज्ञांनी लोखंडी नळ्या टाळण्याचा आटापिटा केला तो याच कारणासाठी.

पंप जी वीज खातो तिचे शेवटी काय होते, याचाही विचार असावा. ताशी सोळाशे लिटर पाणी दीड मीटर चढविण्यास केवळ सात वॉट पुरेत. बाकीची सारी शक्ती उष्णता होऊन पाण्यातच राहते, आणि ते सात वॉटही अखेर उष्णताच होतात. ४० वॉटचा पंप साडेचारशे लिटर पाणी, उष्णता कोठेही बाहेर न गेल्यास, दिवसाला सुमारे दोन अंशांनी तापवील. प्रत्यक्षात बाष्पीभवनाने पुष्कळशी उष्णता जाते. डिसेंबर-जानेवारीच्या होसकोट्यातील थंड रात्री ही ऊब पथ्यावर पडते. एप्रिलमध्ये हवाच तेहतीस-चौतीस अंशांवर गेली की मात्र पंचवीस-सव्वीस अंश मागणाऱ्या प्रवाळाला ती नकोशी होते. काठावर एक साधा पंखा ठेवला तर बाष्पीभवन वाढून दोन-तीन अंश उतरतात. पण मग पाणी आटते. आटलेले पाणी दर्शनी टाकीत दिसत नाही, कारण तेथली पातळी सांडव्याने बांधलेली असते. ते दिसते पंपाच्या कप्प्यात. तो कप्पा उघडा पडला की पंप हवा गिळू लागतो, टाकी बुडबुड्यांनी पांढरी होते, आणि पाण्यानेच वंगण मिळणारी त्याची आस कोरडी घासू लागते. क्षार आटत नाहीत, पाणीच आटते, म्हणून भर घालावयाची ती निःक्षार गोड्या पाण्याची.

आता वीज जाण्याचा प्रश्न. पंप निवडणाऱ्याने खरे तर येथूनच आरंभ करावा.

रात्री दोन वाजता वीज गेली. घरातील माणसे झोपलेली आहेत. पंप थांबताच परतीच्या नळीतील पाणी मागे येते, आणि नळीचे तोंड दर्शनी टाकीत पाण्याखाली असेल तर ते वक्रनळीसारखे वरचे पाणीही ओढून आणते. तोंड उघडे पडेपर्यंत. या टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ७.२ लिटर. तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर छत्तीस लिटर, आणि नळ्यांतले व सांडव्याच्या खोक्यातले निराळे. संपात चाळीस-पन्नास लिटर रिकामी जागा नसेल तर हे सारे कपाटातून फरशीवर येणार. उलटा धोकाही आहे. एखादी गोगलगाय सांडव्याच्या नळीत अडकली, पाणी उतरणे थांबले. पंपाला त्याची वार्ता नाही. तो आपल्या कप्प्यातले सारे पाणी वर पाठवीत राहील. दर्शनी टाकीच्या काठापाशी तीन सेंटिमीटर मोकळे असतील तर तेथे साडेएकवीस लिटर मावतात. म्हणून पंपाचा कप्पा असा असावा की त्यातून पंपाला उपसता येईल ते पाणी वीस लिटरांपेक्षा अधिक नसावे. एका धोक्यासाठी संप मोठा, दुसऱ्यासाठी त्यातला शेवटचा कप्पा लहान. दोन्ही एकाच वेळी साधावे लागते.

नळीत एकमार्गी झडप घातली म्हणजे काम झाले असे दुकानदार सांगतात. नवी असताना ती उत्तम चालते. सहा महिन्यांनी तिच्या तोंडाशी चुन्याचा थर बसतो किंवा एखादा शिंपला अडकतो, आणि ज्या एका रात्री तिची गरज असते त्या रात्री ती उघडी राहते. त्यापेक्षा परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक लहान भोक पाडावे. पातळी तेथवर उतरली की हवा आत शिरून वक्रनळी तुटते. हे भोकही महिन्या-दोन महिन्यांनी काडीने मोकळे करावे लागते. परंतु ते डोळ्यांना दिसते. झडपेचा आतला भाग दिसत नाही.

पाणी सांडणे ही फरशीची हानी झाली. जिवांची हानी प्राणवायूमुळे होते. सव्वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. त्याच उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. आणि होसकोट्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे एक दशांशाने कमी असल्याने तेथील खाऱ्या पाण्याच्या वाट्याला जेमतेम सहा येतात. मुंबईच्या टाकीपेक्षा येथील टाकीची शिल्लक आधीच कमी. रात्री प्रवाळातील सूक्ष्म शैवाले प्राणवायू बनवीत नाहीत. उलट सगळेच जीव तो वापरतात. सांडव्यावरून पडणारे पाणी आणि संपातील फेसयंत्र यांनी जो प्राणवायू येत होता तो बंद पडला की दाट भरलेल्या टाकीत काही तासांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. सकाळपर्यंत वीज न आली तर मेलेले मासे उरलेल्यांचे पाणी बिघडवितात, आणि बोटभर तुकड्यापासून चार-पाच वर्षे वाढविलेला प्रवाळ एका दिवसात पांढरा सांगाडा होतो.

म्हणून पंप घेतानाच तो घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल हे पाहावे. बारा व्होल्टांची १५० अँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी निम्मी वापरली तर सुमारे नऊशे वॉट-तास हाती येतात. वाटेतली गळती धरली तरी ३० वॉटचा पंप त्यावर जवळ जवळ चोवीस तास चालतो, ६० वॉटचा बारा. अर्थात दिवे-पंखे त्याच बॅटरीवर असतील तर हा हिशेब कोसळतो. टाकीला स्वतंत्र बॅटरी दिली तर बरे. ए. सी. पंपाला शुद्ध साइन लहर देणारा इन्व्हर्टर हवा. चौकोनी लहरीवर तो गुरगुरतो व तापतो. शिवाय वीज परत आल्यावर पंप आपोआप पुन्हा सुरू होतो की नाही, हे घरीच दहा वेळा बंद-चालू करून तपासावे. जुनी, क्षार साचलेली इम्पेलरे अशा वेळी नुसती थरथरत राहतात.

मोठ्या टाकीला एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान, स्वतंत्र नळ्यांवरचे पंप बसवावेत. खर्च थोडा वाढतो, कप्पा दाटीचा होतो. पण एक बंद पडला तरी निम्मे पाणी फिरत राहते आणि दुरुस्तीला दोन दिवसांची सवड मिळते. होसकोट्याहून बंगळुरातील दुकानात जाऊन येण्यास वाहतुकीपायी अर्धा दिवस सहज जातो. आणि इम्पेलर व आस यांचे सुटे भाग तेथे नसले तर पार्सलाची वाट पाहणे आले. जो पंप आपल्या शहरात सुट्या भागांसह मिळतो तो, वक्र थोडे उणे असले तरी, घ्यावा. त्याच वेळी एक जादा इम्पेलर विकत घेऊन कपाटात ठेवावा.

प्रवाळ विकत घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भारतीय समुद्रांतील सर्व कठीण प्रवाळ व समुद्रपंखे आहेत. मालवण असो वा मन्नारचे आखात, तेथून तुकडा तोडणे हा गंभीर गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी संरक्षित जातींच्या बाळगण्यावरही नोंदणीचे बंधन आले. ज्याच्याजवळ आयातीचे व जोपासनेचे कागद नाहीत त्याच्याकडून प्रवाळ घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

पंप घरी आला की तो प्रथम गोड्या पाण्यात चालवावा, टाकीत एकही जीव नसताना. विजेच्या फलकावर गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा खटका असावा, आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खाली पडेल, सॉकेटात शिरणार नाही. मग बादली टाकीत धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजावे. ताशी सोळाशे लिटर म्हणजे दहा लिटरांची बादली साडेबावीस सेकंदांत भरावयास हवी. त्यानंतर चालू पंपाचा खटका बंद करावा आणि संपाकडे पाहत बसावे. पाणी चढते, चढते, आणि कोठेतरी थांबते. तेथे काचेवर पक्क्या शाईने रेघ ओढावी. पंप पुन्हा सुरू करून पाणी स्थिर झाले की ते जेथे उभे राहील तेथे दुसरी रेघ. पुढे कधीही पाणी भरताना या दुसऱ्या रेघेच्या वर जावयाचे नाही. यानंतर सांडव्याचे तोंड हाताने दाबून धरावे व पंपाला आपला कप्पा रिकामा करू द्यावा. दर्शनी टाकी काठापर्यंत येऊन थांबते की ओसंडते, ते तेव्हाच कळते, आणि सांडले तर गोडे पाणीच सांडते.

दर तीन महिन्यांनी पंप उपसून पाण्यात कालविलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवावा. चुन्याचा थर फसफसून निघून जातो. इम्पेलर बोटाने फिरवून पाहावा, आसेला चीर नाही हे पाहावे, धुऊन परत बसवावा. हे काम चालू असताना, दुसरा पंप असल्यास तो टाकीचे पाणी फिरवीत राहतो.